उदेलालकाकांचा दुपट्टा आणि आंदणातल्या मासोळ्या

“ज्या नटावर शक येत नाही, तोच नट पहले खोलून पाय.”

उदेलाल हरिणखेडे हे एकदा एका बंद पडलेल्या डिझेल इंजिनासमोर उकिडवे बसून म्हणाले होते. पुढे मुर्रीत त्या वाक्याची म्हण झाली. कुणाची म्हैस अचानक आटली, कुणाची कोठीची चावी हरवली, की कोणीतरी म्हणायचंच, “नट खोल गा, शक नसलेला.” लोक हसायचे. काका हसत नसत. त्यांनी ते गंमत म्हणून म्हटलंच नव्हतं.

मुर्री गोंदियाला चिकटून आहे. सकाळी अर्धं गाव सायकलीवर शहराकडे जातं आणि उरलेलं अर्धं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतं. उदेलालकाका दोन्हीकडचे होते. बापजाद्यांची धानाची जमीन त्यांनी सोडली नाही. आणि फिरता फिरता थांबलेल्या कुठल्याही यंत्राचं दुखणं ओळखायला त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. इंजिन, मोटरपंप, मळणीयंत्र. ते स्वतःला मिस्त्री म्हणवून घेत नसत. “मिस्त्री दुरुस्त करते,” ते म्हणायचे, “दुरुस्त कोनीबी करन. पहले दोष तर सापडला पायजे.”

दोष शोधण्याची त्यांची एक रीत होती, आणि त्या रीतीत कुणी ढवळाढवळ केली तर ते उठून घरी जायचे. ते येणार म्हणजे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, खांद्यावर दुपट्टा टाकून येणार. खुर्ची मागणार. खुर्ची नसेल तर धानाचं पोतं. बसल्यावर खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढणार. तंबाखू, सुपारी आणि चुना. आमच्याकडे हे प्लास्टिकच्या पन्नीत घोटतात आणि दिवसभर चिमटी चिमटी तोंडात टाकतात. काकांना पानठेल्यावरचा खर्रा चालत नसे. तंबाखू ते स्वतः निवडून आणायचे, घोटायचेही स्वतः. त्यांचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायमची पिवळी पडली होती. बोटं घोटत राहायची, कान यंत्राकडे असायचा, आणि मग ते एकेक गोष्ट बदलायला लावायचे. एका वेळी एकच. पट्टा बदला, चालवा. तेल बदला, चालवा. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत, कारण मग दोष कशानं गेला ते कळत नाही.

आणि शेवटी, दोष सापडला की, ते तो सांगायचे नाहीत. खांद्यावरचा दुपट्टा काढून जमिनीवर पसरायचे, तो बिघडलेला भाग त्यावर ठेवायचे, आणि चूळ भरून निघून जायचे. एका मळणीयंत्राचा पट्टा सारखा तुटत होता. मालक पट्टेवाल्याला शिव्या देत होता. काकांनी सगळं बदलून पाहिलं आणि मग यंत्र ज्या लाकडी ओंडक्यावर उभं होतं त्याची एक ढलपी काढून दुपट्ट्यावर ठेवली. ओंडका आतून वाळवीनं खाल्लेला होता, यंत्र दर फेऱ्याला केसभर कलत होतं. माणसं त्या ढलपीभोवती वाकून उभी राहिली आणि काका तोवर बांधाच्या पलीकडे पोचले होते. दुपट्टा दुसऱ्या दिवशी धुऊन त्यांच्या घरी पोचवायचा, हाही रीतीचाच भाग.

अशा माणसाच्या घरात मासोळ्या मरायला लागल्या.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा भुवनेश्वर याचं लग्न झालं. मुलगी सालेकशाची, रविता. सावळी, उंच, फार न बोलणारी. पण बोलली तर वाक्य पुरं करूनच थांबणारी. तिचा मोठा भाऊ टिकेश यानं गोंदियाच्या बाजारात रंगीत मासोळ्यांचं दुकान टाकलं होतं. आंदणात सगळ्यांच्याच घरी कपाट आणि पलंग येतात. टिकेशनं बहिणीला स्वतः काचा जोडून केलेली मासोळ्यांची टाकी दिली. खाली निळे-पांढरे गोटे, मागे समुद्राचं चित्र, वर ट्यूबलाइट, आणि बुडबुडे सोडणारी छोटी मोटर. बैठकीच्या खोलीत टीव्हीशेजारी ती टाकी ठेवली तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. घरात पाणी उभं राहिलेलं पाहून काहींनी उगीचच पदर डोक्यावर घेतला.

काकांनी आधी थट्टा केली. “खायची नाही, इकायची नाही, मंग पोसाची कायले? जवाई हाय का ते?” पण संध्याकाळी सगळे टीव्ही पाहत असताना ते टाकीकडे पाहताना दिसू लागले. मोटरचा आवाज त्यांना आवडला असावा. भुवनेश्वर गोंदियाला मोटारसायकलच्या शोरूममध्ये कामाला होता, त्याला यायला उशीर व्हायचा. म्हणून संध्याकाळचा दाणा टाकायचं काम हळूहळू काकांकडे आलं. टाकी धुणं, पाणी बदलणं रविताकडे.

हिवाळ्यात एकदा दाणा टाकताना काकांचं बोट पाण्याला लागलं आणि मोली जातीच्या एका काळ्या मासोळीनं वर येऊन ते चोखलं. काकांनी हात मागे घेतला नाही. त्या दिवसापासून दाणा वरून टाकणं बंद झालं. ते बोटं पाण्यात बुडवायचे, चिमटीतला दाणा तिथेच चुरायचे, आणि मासोळ्या त्यांच्या बोटांना येऊन भिडायच्या. पाहुणा आला की ते त्याला खुर्चीवर बसवायचे आणि म्हणायचे, “आता पाय. वळखते मले.” ज्या माणसानं आयुष्यभर लोखंडाची नाडी पाहिली, त्याला काहीतरी जिवंत येऊन शिवत होतं. तेवढ्यासाठी ते संध्याकाळी शेतातून लवकर परतायचे.

पहिली मेली ती तीच काळी मोली. मग एक सोनेरी. मग दोन-तीन एकदम. सकाळी रविता झाडायला आली की पांढरं पोट वर करून एक तरी तरंगत असे. तिनं टाकी रिकामी करून गोटे उन्हात वाळवले, काच घासली, विहिरीचं ताजं पाणी भरलं. टिकेश नव्या मासोळ्या घेऊन आला. त्याही गेल्या.

शेजारच्या शामकलाबाईंची जीभ गावात प्रसिद्ध होती. विहिरीवर सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, “अवो रामबाई, तुह्या सुनेनं आंदनात मासोऱ्या आनल्या का मयत आनली वो?”

रामबाई म्हणजे काकांची बायको. त्या वेळी त्यांनी शामकलाबाईंना झाडलं. “तुह्या सुनेनं त काहीच नाही आनलं, तू कायले बोलतं?” पण ते वाक्य डोक्यावरच्या घागरीबरोबर घरी आलं आणि घरातच राहिलं. टाकीला हात कोणाचा? सुनेचा. धुते कोण? सून. सून यायच्या आधी या घरात कधी सकाळी मढं निघालं होतं का? रामबाई वाईट बाई नव्हत्या. पण शेतकऱ्याच्या घरात हातगुण ही लहान गोष्ट नसते. कुणाच्या हातचं बी उगवतं, कुणाच्या हातचं दही लागतं, हे तिथे पाहिलं जातं आणि लक्षात ठेवलं जातं.

उन्हाळा सरला, पऱ्हे टाकायची वेळ आली. धानाची रोपं तयार करायला पहिली मूठ घरातली सवाष्ण टाकते. रविता पदर खोचून बांधीवर आली होती. रामबाईंनी तिच्या हातातली टोपली काढून घेतली.

“तू राहू दे बाई. तू घरी जाय. भाताचं पाय.”

एवढंच. रागावून नाही, हळूच. रविता उभी राहिली, मग चिखलातून परत फिरली. शेजारच्या बांधीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. काकांनीही पाहिलं.

रात्री जेवताना रामबाई म्हणाल्या, “जिवती येऊन राहिली. जिवतीले लेकराबाळाच्या जिवाची पूजा असते. त्या दिवशी घरात मेलेलं निंगालं त मी आयकून नाही घेनार. जिवतीच्या आदी हे टाकी हिच्या भावाच्या घरी गेली पायजे.”

भुवनेश्वर म्हणाला, “माय, मासोऱ्याच त आहेत. लाइन जाते रोज, मोटर बंद पडते, हवा भेटत नसन.”

“मंग लाइन हिच्या येन्याच्या आदी जात नोहोती का?”

भुवनेश्वर ताटात पाहू लागला. आंदण परत जाणं म्हणजे काय हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कपाट परत गेलं तर लोक म्हणतात भांडण झालं. पण जीव परत गेले, मेले म्हणून परत गेले, तर ते सालेकशापर्यंत रविताच्या नावानं बोललं जाईल. मग तिला पऱ्ह्यात कुणी हात घालू देणार नाही. यंदा नाही, पुढच्या साली नाही, तिला लेकरू झालं तरी नाही.

रविता वाढत होती. तिचा हात थांबला नाही. पण काकांनी ताट बाजूला सारलं आणि खुर्ची टाकीसमोर ओढली.

“जिवतीले टाइम आहे,” ते म्हणाले. “मी दोष काढतो.”

मला वाटतं, त्यांना त्या रात्री खात्री होती. लोखंड बोलत नाही तरी त्यांना कळतं. पाणी तर हलतं, श्वास घेतं. गावातही ही बातमी पसरली आणि सगळे जरा निश्चिंत झाले. उदेलालनं मनावर घेतलं म्हणजे दुपट्टा पडणार.

त्यांनी रीत सोडली नाही. एका वेळी एक. आधी विहिरीचं पाणी बंद, हातपंपाचं सुरू. मासोळ्या मेल्या. मग मोटर बदलली. मेल्या. रंगीत गोट्यांचा रंग उतरत असेल म्हणून गोटे काढले; उघड्या काचेवर पोट टेकून मेल्या. दाण्याचं पाकीट बदललं. देवघरातली उदबत्ती पडवीत नेली, मच्छरची कॉइल बंद केली आणि सगळ्या घरानं डास सोसले. लाइन गेली की ते कंदील घेऊन टाकीजवळ बसायचे. भुवनेश्वरचं म्हणणं त्यांनी खोडून काढलं ते असं बसूनच.

“हवा नसली का मासोळी वर येते, तोंड उघडं करते, थकते,” त्यांनी भुवनेश्वरला सांगितलं. “लाइन आली का पोहाले लागते. मरनारी तशी नाही मरत. ते पहले पयते. काचेवर डोकं आपटते. मंग कापते, मंग कलते. हे गुदमरनं नाही. हे काहीतरी पोटात जाऊन राहिलं.”

“कोन टाकते मंग?” रामबाईंनी विचारलं. कुणाकडे न पाहता.

“बरं,” काका म्हणाले. “हात बदलून पाहू.”

रविताला टाकीला हात लावायची मनाई झाली. ती रामबाईंचीच इच्छा होती, पण काकांनीही ती मान्य केली, कारण रीतीप्रमाणे हीही एक बदलायची गोष्ट होती. रामबाई पाणी बदलू लागल्या. रविता दुरून पाहायची, दाराशी उभी राहून. त्या आठवड्यातही दोन मेल्या. रविताचा हात दोषातून सुटला, असं वाटून मी खूश झालो होतो. रामबाई म्हणाल्या, “हात नाही त नजर.”

नजरेचा नट खोलायला कुठला पाना घेणार?  काकांचा सदरा त्या दिवसांत बिनइस्त्रीचा दिसू लागला.

मग सडक अर्जुनीहून बोलावणं आलं. हायवेवरच्या एका ढाब्याचं जनरेटर बंद पडलं होतं, आणि तिथंच त्यांच्या साळ्याचं घर होतं. काका गेले आणि पावसानं रस्ता तुंबला म्हणून तिथंच अडकले. इकडे दाणा रामबाई टाकत होत्या, वरून, चमच्यानं, पाण्याला बोट न लावता. त्यांना मासोळ्यांचा ओला स्पर्श किळसवाणा वाटायचा. काका परतले तेव्हा टाकीतल्या सगळ्या मासोळ्या जिवंत होत्या.

ते इतके खूश झाले की चप्पल न काढताच आत आले. “पाय! पाय!” त्यांनी बोटं पाण्यात बुडवली, दाणा चुरला. मासोळ्या त्यांना विसरल्या नव्हत्या. येऊन भिडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत मोठी सोनेरी मासोळी, सगळ्यांत आधी बोटाशी येणारी, उलटी तरंगत होती.

काका चहा घेत होते. रविता कप उचलायला आली. डोक्यावर पदर, नजर खाली. सून सासऱ्याशी बोलते ती कामापुरती. ते वर्षही तसंच गेलं होतं. पण ती कप घेऊन गेली नाही.

“मामाजी,” ती म्हणाली, “सगळे नट खोलून झाले. एक राहिला.”

“कोनता?”

 तिनं काकांच्या हाताकडे पाहिलं. त्या हातात पन्नी होती आणि अंगठा सवयीनं घोटत होता. तिनं एवढंच पाहिलं आणि ती आत गेली.

हे बोलणं झालं तेव्हा मी त्यांच्या पडवीत छत्री झटकत उभा होतो. काकांच्या कानशिलावरची शीर मला दिसली. यंत्राशेजारी कुणी मध्येच बोललं तर ते उठून घरी जायचे. इथे घरातूनच कुठे जाणार? ते उठले आणि शेताकडे गेले.

त्यांच्या बांधावर वांग्यांची एक ओळ असायची. वांग्यावर मावा पडला की काका बाजारचं औषध आणत नसत. खर्ऱ्यातून उरलेली तंबाखूची भुकटी बादलीभर पाण्यात भिजवून ते पाणी शिंपडायचे. मावा गळून पडायचा. हा उपाय त्यांनी गावातल्या कित्येकांना शिकवला होता आणि त्याचाही त्यांना अभिमान होता. दुपारी मी तिकडून गेलो तेव्हा ते त्या ओळीशी उभे होते. हात नाकाशी धरला होता, स्वतःचीच बोटं हुंगत. मग त्यांनी बोट जिभेला लावलं आणि थुंकले. मला पाहून म्हणाले, “इतक्या सालात मले माह्या बोटाचा वासच येत नाही गा.”

 दोष त्यांना सापडला होता.

इथे एक गोष्ट मला सांगायची आहे. जिवती दोन-चार दिवसांवर होती. काकांनी गप्प राहायचं ठरवलं असतं, तर काहीही बिघडलं नसतं. टाकी सालेकशाला गेली असती आणि दोष तिच्याबरोबर गेला असता. रविता बोलणार नव्हती. जेवढं सुनेला बोलता येतं तेवढं ती बोलून चुकली होती. किंवा ते हात धुऊन दाणा टाकू लागले असते, मासोळ्या जगल्या असत्या, आणि लोक म्हणाले असते, उदेलालनं जिंकलं, कसं ते देव जाणे. दोष त्यांनी नेहमी दुसऱ्याच्या अंगणात पसरून दाखवला होता. स्वतःच्या अंगणात पसरायची वेळ आली तेव्हा तो झाकायची प्रत्येक सोय त्यांच्याकडे होती.

त्यांनी टिकेशला निरोप धाडला. गाडी घेऊन ये म्हणून.

टिकेश पिकअप घेऊन आला. तोंड उतरलेलं. त्याच्या दुकानावरही त्या वर्षात बोट ठेवलं गेलं होतं, रोगी मासोळ्या विकतो म्हणून. टाकी उचलायला माणसं लागतात, म्हणून मला आणि गल्लीतल्या दोघा-तिघांना बोलावलं होतं. शामकलाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. त्या आल्या होत्या.

“पानी काढून टाक गा पहले,” रामबाई टिकेशला म्हणाल्या. त्यांचा आवाजही जड होता. “जड होईन.”

“थांब,” काका म्हणाले. इस्त्रीचा सदरा होता. खांद्यावर दुपट्टा. त्यांनी खुर्ची मागितली नाही. “दोन बरण्या आन. लोनच्याच्या. काचेच्या.”

“आता कायले बरण्या?”

“आन म्हनलं ना.”

बरण्या आल्या. त्यात विहिरीचं पाणी भरून झालं. काकांनी चमच्यानं टाकीतल्या दोन छोट्या मासोळ्या काढल्या, एकीत एक, दुसरीत एक, आणि दोन्ही बरण्या खिडकीत उजेडाला ठेवल्या.

“भुवनेश्वरची माय, बोट बुडव हिच्यात.”

“मी? छी.”

“बुडव.”

रामबाईंनी नाक मुरडत पहिल्या बरणीत करंगळी बुडवली आणि पदराला पुसली. मासोळी फिरत राहिली.

“आता रविता.”

“हिचा हात?” रामबाई म्हणाल्या. “इतकं सारं होऊन?”

“अवो, घालू दे न,” शामकलाबाई म्हणाल्या. “पाहू तरी काय होते त.”

रविता पुढे आली. पावसाळ्यात पहिल्यांदाच तिचा हात मासोळ्यांच्या पाण्यात जात होता. तिनं त्याच बरणीत दोन बोटं बुडवली आणि तशीच ठेवली. मासोळी जवळ आली, बोटाला तोंड लावून पाहिलं, मागे फिरली. आम्ही वाट पाहिली.  मासोळीला काही झालं नाही. ती काचेला घासून गोल गोल पोहत राहिली.

“झालं?” शामकलाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी निराशा होती.

“नाही झालं,” काका म्हणाले. “आता माहा हात.”

रामबाई हसल्या. “तुमचा हात? तुमच्या हाताले काय झालं?”

काकांनी खिशातून पन्नी काढली. रोजच्यासारखी. आम्हाला वाटलं ते विचार करायला थांबले. ते घोटत होते, रोज संध्याकाळी दाणा टाकायच्या आधी घोटायचे तसेच. चिमटी तोंडात टाकली. बोटं दुपट्ट्याला पुसली, रोज पुसायचे तशी. आणि मग ती तीन पिवळी बोटं दुसऱ्या बरणीत बुडवली आणि एकमेकांवर चोळली, जसा ते दाणा चुरायचे.

बरणीतलं पाणी किंचित पिवळसर झालं. उजेडात ते सगळ्यांना दिसलं. मासोळी बोटांकडे आली. काकांनी हात हलवला नाही. तिनं बोटाला तोंड लावलं. थोडा वेळ काहीच नाही. मग ती एकदम पळाली, बरणीच्या काचेवर आपटली, वळली, पुन्हा आपटली. तिचे पंख अंगाला चिकटले. ती कापायला लागली.

  रामबाई त्या बरणीकडे पाहत होत्या, आणि मग त्यांची नजर हळूहळू नवऱ्याच्या बोटांवर आली, आणि तिथून कुठे न्यावी हे त्यांना कळेना.

मासोळी कलली. तेवढ्यात रविता पुढे झाली. तिनं बरणीत हात घातला, ओंजळीत मासोळी उचलली आणि पहिल्या बरणीत सोडली. बोटांनी पाणी हळूहळू ढवळत राहिली. मासोळी तिच्या तळव्याला टेकून आडवी पडली होती. कल्ले उघडले, मिटले. पुन्हा उघडले. मग ती वाकडीतिकडी का होईना, उभी झाली. दोन्ही मासोळ्या एकाच बरणीत, रविताच्या हाताभोवती.

टिकेश म्हणाला, “जगली.” आणि पटकन तोंड फिरवून भिंतीकडे पाहू लागला.

काकांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. खोलीच्या मध्ये, टाकीसमोर, फरशीवर तो पसरला. सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. मग खर्ऱ्याची पन्नी त्यावर ठेवली, मधोमध, जसा ते झिजलेला नट ठेवायचे किंवा वाळवीची ढलपी. आम्ही सवयीनं वाकून पाहायला पुढे झालो आणि मध्येच थांबलो.

“अवो,” रामबाई म्हणाल्या.  मग त्या रविताकडे वळल्या आणि तिचा ओला हात दोन्ही हातांत धरून तशाच उभ्या राहिल्या.

काका आता बोलतील असं मला वाटलं. सुनेला काहीतरी, किंवा व्याह्यांच्या पोराला. टिकेश हात जोडून पुढे आला होता, त्याला काय करावं सुचत नव्हतं. उदेलालकाकांनी त्याच्या जोडलेल्या हातांवर एकदा हात ठेवायचा म्हणून उचलला, बोटांकडे पाहिलं, आणि खाली घेतला. मग पडवीतल्या बादलीतलं पाणी घेऊन त्यांनी चूळ भरली, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडले.